तिसरा पुकारा

येशू, मरीया, योसेफ

न्यूमार्केट, क्लेअर परगणा
रविवार, ४ ऑक्टोबर १९९८

प्रिय अ‍ॅटी हिस,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र अकरा दिवसांनी मिळालं. आधी ते इंग्लंडातल्या घोड्यांच्या न्यूमार्केटला जाऊन आलं. पाकिटाची पाठ पाहिली तर कोरी. सिस्टर बॉनव्हेंचरनी छडी मारून शिकवलं होतं की पाकिटाच्या पाठीवर एस. ए. जी. ही तीन अक्षरं घातल्याशिवाय पत्र पेटीत टाकायचं नाही. सेंट अँथनी गाइड, म्हणजे संत अँथनी, वाट दाखव. ब्रसेल्सला पंचवीस वर्षं राहिलीस म्हणून संत अँथनी निवृत्त झाला का?

आमच्याकडे सगळे ठीक. मॅलकीचे गुडघे कुरकुरतात, नवरा कुरकुरत नाही. काळजी एकच आहे आणि ती लेकीची, कार्मेलची. पुढच्या जूनच्या तीस तारखेला युरोपातल्या युरोपात जाणाऱ्यांसाठीची ड्यूटी फ्री विक्री बंद होणार. शॅनन विमानतळावर तिच्या अत्तराच्या काउंटरवर येणारी निम्मी गिऱ्हाइकं तीच. बांधकामाच्या परांचीवरून पडल्यापासून जावईबापूंची पाठ सरळ होत नाही, त्यामुळे घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललंय. सरकारनं म्हणे कंबर कसली आहे. मंत्री एकेका राजधानीला जाऊन पाया पडणार आहेत. पंधराच्या पंधरा देशांनी हो म्हटलं तर मुदतवाढ, एकानं मान हलवली तर संपलं.

मंगळवारी त्यासाठी गावच्या सभागृहात सभा होती. मी कार्मेलसोबत गेले. मंचावर मधोमध कोण बसलं असेल? सेनन लिलिस. आपल्या संसदेतला आपला डेप्युटी, आणि आता जूनमध्ये युरोपच्या संसदेसाठी उभा राहणारा. सरकारी शिष्टमंडळात त्याचं नाव घातलंय. छातीवर हात ठेवून म्हणाला की ब्रसेल्सच्या दारात मी आडवा पडेन, पण एकाही मुलीची नोकरी जाऊ देणार नाही. बायका रडल्या. कार्मेलनंसुद्धा टाळ्या वाजवल्या. तिला काय माहीत?

मला माहीत आहे. १९६७ च्या जानेवारीत चर्चमध्ये तुमच्या लग्नाचे दोन पुकारे झाले होते. दोन रविवार सगळ्या गावानं ऐकलं की सेनन आणि अ‍ॅट्रॅक्टा यांचं लग्न ठरलं आहे, कुणाची हरकत असेल तर सांगावी. तिसऱ्या रविवारी पाद्रीबाबा तुझं नाव गाळून पुढच्या जोडप्याकडे गेले. हरकत त्याचीच निघाली. त्याला किलरशच्या कापडवाल्याची मुलगी मिळाली होती, तिच्या बापाची दोन दुकानं आणि पक्षातली मतं. आणि तू लग्न ठरलं म्हणून त्याच ड्यूटी फ्रीतली नोकरी सोडून बसलेली, कारण लग्न झालेल्या बाईला तेव्हा सरकारी काउंटरवर उभं राहू देत नसत. नवरा गेला तो गेला, जागाही दुसरीला गेली.

मी क्षमेसाठी रोज एक माळ जपते. त्याचं नाव आलं की मणी हातातून निसटतो.

आता मजा ऐक. परवा चमच्यांचा खण धुवायला काढला. तळाशी अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद १९९१ च्या नोव्हेंबरचा. त्यात हाच सेनन, केस काळे. ड्यूटी फ्री बंद करायचा ठराव युरोपच्या अर्थमंत्र्यांनी एकमतानं केला, आपल्या मंत्र्यानंही हात वर केला, आणि हा म्हणतो की उत्तम झालं. घर एक झाल्यावर मधल्या दाराला कुलूप कशाला? मी कागद पुसून, इस्त्री करून बिस्किटांच्या डब्यात ठेवला आहे. देव काहीही वाया घालवत नाही, मीही नाही.

तो तिकडे येईल तेव्हा त्याच्या वाऱ्याला उभी राहू नकोस. माझ्या मायेत आहेसच, तशीच राहा.

तुझी,
मेना

* * *

ये. म. यो.

ब्रसेल्स
१५ नोव्हेंबर १९९८

प्रिय मेना हिस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पाठीवर तीन अक्षरं घातली आहेत, बघून घे आणि शांत हो.

वाऱ्याला उभी राहू नकोस म्हणालीस. मेना, तो माझ्याच घरी उतरला. तुला ठाऊक आहे, माझ्या चार खोल्यांत आपल्याकडचे कारकून, संघटनेचे लोक उतरतात, कारण मी हॉटेलच्या तिसऱ्या हिश्श्यात खोली देते आणि वर आपल्यासारखा नाश्ता. मंत्रालयातल्या दोघांनी त्याच्यासाठी खोली ठेवली होती. नाव वाचलं तेव्हा मी पीठ मळत होते. मळत राहिले. त्या दिवशीचा पाव दगड झाला.

एकतीस वर्षांत मी त्याला माफ केलं होतं गं. खरंच. माझं दप्रेंशी लग्न झालं, ट्राम चालवणारा तो भला माणूस सहा वर्षांपूर्वी देवाघरी गेला, त्याच्यासाठीच्या प्रार्थनेत मी सेननचंही नाव घेत असे. दार उघडताना मनात म्हटलं, त्याचा चेहरा पडेल, तो काहीतरी पुटपुटेल, मी म्हणेन, जुनी गोष्ट आहे, ये, चहा घे.

त्यानं ओळखलंच नाही.

मला मादाम म्हणाला. दोन अंडी मागितली, एक मऊ, एक कडक. आपल्याकडची बोली ऐकून विचारलं की बाई कुठल्या? म्हटलं, क्लेअरची. वा, वा, म्हणून खिशातून प्रचाराचं कार्ड काढलं, त्यावर त्याचा हसरा फोटो, आणि म्हणाला की गावी कुणी मत देणारं असेल तर सांगा, मी मुलींच्या नोकऱ्यांसाठी लढतोय. मी म्हटलं की मीसुद्धा एकेकाळी त्या काउंटरवर होते. त्यावर म्हणाला की असं का, मग सोडलीत कशाला इतकी चांगली नोकरी?

हा प्रश्न त्यानं मला विचारला. त्यानं.

कार्ड मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं आहे. पाहुण्यांच्या वहीत त्यानं सगळे लिहितात तसं नाव, तारीख आणि कामाचं कारण लिहिलं. अक्षर अजून तसंच, पहिल्या अक्षराला शेपटी. तेव्हा मला चिडवायचा, आठवतं? मी पाकिटाच्या पाठीवर एस. ए. जी. घालायची, तर म्हणायचा की आपल्या प्रेमाला पोस्टमन म्हणून एक संत ठेवलायस, त्याला टपालहशील कोण देणार?

आता मी त्याच्यासाठी प्रार्थना करत नाही. कार्मेलसाठी करते. तिला पापा.

लोभ ठेवशीलच.

तुझी,
अ‍ॅटी

* * *

ये. म. यो.

न्यूमार्केट
२० डिसेंबर १९९८

प्रिय अ‍ॅटी हिस,
आशीर्वाद, आणि नाताळच्या आगाऊ शुभेच्छा.

तुझं पत्र वाचून मी दोन वेळा बाहेर जाऊन कोंबड्यांना दाणे टाकले. मॅलकी म्हणाला की त्यांनी आताच खाल्लंय. म्हटलं, मला काहीतरी फेकायचंय, दाणे तर दाणे. मॅलकीला पत्र वाचून दाखवलं. तो बत्तीस शब्दांचा माणूस, त्यातले चार खर्च केले. म्हणाला, 'अंड्यात मीठ जास्त घालायचंस.'

माझ्या मनात त्याहून वाईट होतं. डब्यातला कागद घेऊन थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत जाणार होते, कोटही घातला होता. पण दारात कार्मेल आली, हातात खरेदी, तोंडावर हसू. व्हिएन्नाला सगळे पंतप्रधान जमले होते, तिथे आपल्यानं रेटा लावला, आणि ठरलं की अर्थमंत्र्यांनी मार्चपर्यंत पुन्हा विचार करावा. मोठे मोठे देश आपल्या बाजूला आलेत म्हणे. सेननही व्हिएन्नाहून नाताळच्या दिव्यासारखा लखलखत परतला.

मी कोट काढून ठेवला. त्याच शिष्टमंडळातल्या माणसाला आज तोंडघशी पाडलं आणि उद्या एखाद्या देशानं म्हटलं की तुमचाच डेप्युटी बंद करा म्हणत होता, तर कार्मेलची नोकरी माझ्या हातून जायची. तेव्हा ठरवलं आहे की बैल नांगराला आहे तोवर त्याला काठी नाही. काम होऊ दे. मग काठी आहे, आणि मी आहे.

फादर टुओहींकडे पापनिवेदनाला गेले. सांगितलं की मनात सूड आहे. त्यांनी विचारलं की पश्चात्ताप होतो का? म्हटलं, अजून केलेलाच नाही तर पश्चात्ताप कशाचा? ते जाळीपलीकडे खोकले. मला वाटतं हसले. मग म्हणाले की तुम्ही केल्यावर या.

नाताळचा केक वेगळ्या पुडक्यात पाठवला आहे. दोरी जपून सोड, परत पाठव.

तुला जपणारी,
मेना

* * *

ये. म. यो.

न्यूमार्केट
१८ एप्रिल १९९९

प्रिय अ‍ॅटी हिस,
अनेक आशीर्वाद.

ईस्टर झालं, कोकरू महाग होतं, कोंबडीवर भागवलं. मार्चात अर्थमंत्र्यांनी नाही म्हटल्याचं बातम्यांत ऐकलं आणि मी रेडिओ बंद केला. पण सेनन गावोगावी फिरून सांगतोय की बातम्यांवर जाऊ नका, बंद दारामागे वेगळंच चाललंय, जूनमध्ये कोलोनला सगळे पंतप्रधान पुन्हा बसणार आहेत.

आता मूळ मुद्दा. एनिसच्या मिसेस हॅसेटबाईंनी, त्यांचं औषधांचं दुकान आहे, कार्मेलला अत्तर आणि साबणांच्या काउंटरवर पूर्ण वेळ घ्यायचं ठरवलं होतं. ईस्टरपर्यंत उत्तर द्यायचं होतं. पगार थोडा कमी, पण बारमाही. मी म्हणत होते की हातची चिमणी धर. पवित्र आठवड्यात सेनन ड्यूटी फ्रीत आला, एकेका मुलीचा हात हातात घेतला. कार्मेलनं त्याला सरळ विचारलं की डेप्युटी, मला एनिसला जागा मिळतेय, जाऊ का थांबू? त्यानं सांगितलं, 'थांब पोरी. मी शब्द आणलाय.'

कार्मेल थांबली. मिसेस हॅसेटबाईंना तिनं नाही कळवलं. तिच्यासारख्या आणखी तीसेक मुली थांबल्या आहेत. जूनच्या अकरा तारखेला मतदान, तीस तारखेला दुकान बंद. या दोन तारखांकडे मी रोज दिनदर्शिकेत बघते आणि मला त्या चांगल्या दिसत नाहीत.

तुझ्या टेबलावर मंत्रालयाची माणसं जेवतात. तुझ्या कानावर काय येतं ते मला खरं खरं लिही. गोड करून लिहू नकोस.

वाट पाहणारी,
मेना

* * *

ये. म. यो.

ब्रसेल्स
२ मे १९९९

प्रिय मेना हिस,
सप्रेम नमस्कार.

मी मूर्ख. मला वाटत होतं की सगळं संपलंय हे तुम्हाला तिकडे ठाऊक आहे.

मार्चच्या पंधरा तारखेला अर्थमंत्र्यांनी नाही म्हटलं. सेनन तेव्हा पुन्हा माझ्याकडेच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्रालयातले ते दोघे सुतकी चेहऱ्यानं बसले होते. त्यांनी खरोखर घाम गाळला, मेना, त्यांना मी दोष देणार नाही. एक तर रात्रभर कागद लिहून माझ्या सोफ्यावरच झोपला होता. ते म्हणत होते की आता कोलोनला कुणी कितीही बोललं तरी ते देश हलणार नाहीत. सेननही मान डोलावत होता. मग त्यांना हसवायला त्यानं पाहुण्यांची वही ओढली आणि कामाच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं. शब्द जसेच्या तसे उतरवते:

'ड्यूटी फ्रीच्या मयताला आलो होतो. चहा, अंडी उत्तम. सेनन लिलिस, डेप्युटी. १६ मार्च १९९९.'

ते दोघे हसले नाहीत. मीही चहाची किटली घेऊन उभी होते. आपल्याकडचा डेप्युटी एकही मयत चुकवत नाही, हे मला माहीत होतं. पण मयत झाल्याचं घरच्यांनाच न सांगणारा हा पहिला.

म्हणजे सोळा मार्चला त्यानं स्वतःच्या हातानं मृत्यूचा दाखला लिहिला, आणि पंधरा दिवसांनी कार्मेलचा हात धरून सांगितलं की थांब पोरी. बत्तीस वर्षांपूर्वी माझी त्याच काउंटरवरची नोकरी त्याच्यापायी गेली. तेव्हाही तो म्हणाला होता की आता कशाला काम करतेस, राजीनामा दे, मी आहे ना.

डब्यातला तो इस्त्री केलेला कागद मला पाठव. बैल आता नांगराला नाही.

तुझी,
अ‍ॅटी

* * *

ये. म. यो.

न्यूमार्केट
९ मे १९९९

प्रिय अ‍ॅटी हिस,

कागद सोबत आहे. मी त्याला सांगितलं, नीट जा.

तुझं पत्र मी कार्मेलला दाखवलेलं नाही. आज सांगितलं तर ती तडक त्याच्या कचेरीत जाईल, तो तिला चहा पाजेल आणि डोळ्यांत पाणी आणून पुन्हा फसवेल. त्याच्या डोळ्यांत पाणी नळासारखं येतं. जे करायचं ते असं कर की त्याला चहा पाजायला वेळच मिळू नये. पण लवकर कर, मुलींना दुसरीकडे अर्ज करायला दिवस उरले पाहिजेत.

माझं नाव कुठे नको. मला याच गावच्या चर्चमध्ये मिस्साला जायचंय. तुझंही नको.

संत अँथनीला मेणबत्ती लावली आहे. दोन लावल्या. एक हरवलेल्या वस्तूंसाठी, एक हरवायला हव्या त्या माणसासाठी.

तुझी,
मेना

* * *

ये. म. यो.

न्यूमार्केट
बुधवार, १६ जून १९९९

प्रिय अ‍ॅटी हिस,
आशीर्वाद, तेही तुझा कान पकडून.

सगळं क्रमानं लिहिते, कारण इतकं झालंय की एकाच दमात लिहिलं तर धाप लागेल.

चोवीस मेच्या सोमवारी विमानतळावरच्या कामगार संघटनेला पाकीट मिळालं. आत १९९१ चा कागद, वर तुझ्या हातानं एकच ओळ: हा पहिला पुकारा. दुपारपर्यंत तो फलकावर लागला. मुली जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. कार्मेल संध्याकाळी घरी आली, कोट न काढता बसली आणि म्हणाली की आई, आपल्या चमच्यांच्या खणात असाच कागद होता ना? मी म्हटलं की तेव्हा घरोघरी तेच वर्तमानपत्र येत असे. खोटं नाही ते.

सेननची बाजू अशी की आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, माणूस शिकतो, बदलतो. पुष्कळांना पटलंही. मग एकतीसला दुसरा पुकारा. वर्तमानपत्राला तुझ्या वहीचं पान. त्यांनी ते त्याच्याच अक्षरात, शेपटीसकट, पहिल्या पानावर छापलं. अ‍ॅटी, त्या दिवशी गावात कुणाला काही बोलावं लागलं नाही. मांसवाल्यानं मला विचारलं की मिसेस, आज काय देऊ? मागून कुणीतरी म्हणालं की डेप्युटीला विचार, तो मयताच्या जेवणातला जाणकार आहे. मिस्साला तो नेहमीच्या बाकावर बसला तर त्या बाकावरचे सगळे एकेक करत देवाची आठवण झाल्यासारखे पुढे सरकले. तीस मुलींनी त्या आठवड्यात अर्ज टाकले. कार्मेल मिसेस हॅसेटबाईंकडे गेली. पूर्ण वेळेची जागा भरली गेली होती. आठवड्यातले तीन दिवस देते म्हणाल्या. तिनं घेतले. उरलेल्या दिवसांचं बघू.

कोलोनला आपल्या पंतप्रधानानं शेवटचा प्रयत्न केला, वाऱ्यावर गेला. रविवारी मतमोजणी झाली. सेनन आपटला. इतका की त्याच्या स्वतःच्या गावच्या पेट्यांतसुद्धा त्याला तिसरं स्थान.

इथपर्यंत मी तुझ्या बुद्धीचे गोडवे गायले असते. आता कान पकडते.

त्याच संध्याकाळी दारावर टकटक झाली. सेनन. एकटा, पावसात भिजलेला. हातात पाकीट होतं. म्हणाला की हे मला मतदानाच्या आदल्या दिवशी आलं. आत त्याचंच प्रचाराचं कार्ड, तोच हसरा फोटो, आणि मागच्या बाजूला दोनच शब्द: हरकत आहे. मी चेहरा चर्चमधल्या मूर्तीसारखा ठेवला. मग त्यानं पाकीट उलटं केलं. पाठीवर एस. ए. जी.

अगं मूर्खे! पहिली दोन पाकिटं कोरी ठेवलीस आणि तिसऱ्याला हात सवयीनं गेला ना? ब्रसेल्सचा शिक्का, नन्सनी घडवलेलं अक्षर आणि वर संत अँथनी! जगात कुठल्या बेल्जियन माणसाला ती तीन अक्षरं ठाऊक आहेत? एवढं करून शेवटी आपल्या हातानं आपलं नाव लिहिलंस.

तो बराच वेळ त्या अक्षरांवर अंगठा फिरवत होता. मग हळूच म्हणाला, 'मेना, अ‍ॅट्रॅक्टा जिवंत आहे का?'

मी बत्तीस वर्षं जपलेले सगळे शब्द तेव्हा जिभेवर आले होते. पण निघाले ते भलतेच. मी म्हटलं, 'नोव्हेंबरात आणि मार्चात तू तिच्या हातची अंडी खाल्लीस, सेनन. एक मऊ, एक कडक.'

तो आमच्या फाटकाच्या भिंतीवर बसला. ओल्या दगडावर, चांगल्या सुटासकट. मी त्याला बाहेरच ठेवलं. आत ये म्हटलं नाही. चहा विचारला नाही. आपल्या आईच्या वेळेपासून या दारातून चहा न विचारता कुणी परत गेलेलं नाही. पत्र्याची भांडी विकणारे भटके नाहीत, कर मागणारे नाहीत. मी दार लावलं आणि आत येऊन किटली ठेवली, खिडकी उघडी ठेवून, म्हणजे त्याला शिट्टी ऐकू जावी. मॅलकी म्हणाला, 'अजून बसलाय.' मी म्हटलं, बसू दे, पाऊस फुकट आहे.

फादर टुओहींकडे सोमवारी गेले होते. केल्यावर या म्हणाले होते, म्हणून. पश्चात्ताप होतो का, असं पुन्हा विचारलं. म्हटलं, फक्त पाकिटाचा होतो. त्यांनी तीन माळा सांगितल्या. मी आनंदानं जपल्या, एकही मणी निसटला नाही.

आता तो तुला पत्र लिहील नाहीतर येऊन उभा राहील. सावध राहा. आणि पुढच्या वेळी कुणाचा सूड घ्यायचा असेल तर पाकीट माझ्याकडून तपासून घे.

रागावलेली, तरी तुझीच,
मेना

* * *

ये. म. यो.

ब्रसेल्स
३० जून १९९९

प्रिय मेना हिस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आजची तारीख मुद्दाम निवडली. आज संध्याकाळी तिकडे काउंटरवर कापड टाकतील. कार्मेलला सांग की १९६७ मध्ये मी माझ्या काउंटरवरचं कापड स्वतः घडी करून दिलं होतं, चार कोपरे जुळवून, आणि मागे वळून पाहिलं नव्हतं. तीन दिवस तीन दिवस करत तिथे पाय रोव म्हणावं. ऑगस्टमध्ये माझ्या घरी पाहुण्यांची रांग असते. उरलेल्या दिवसांसाठी तिला यायचं असेल तर खोली आहे, पगारही आहे.

सेननचं पत्र आलं. सहा पानं. पहिल्या दोन पानांत माफी, मग वडिलांचा दबाव, मग त्या काळची परिस्थिती, मग पुन्हा तोच. शेवटी लिहितो की ती वही मला मिळेल का? मी सगळं दोनदा वाचलं. सहा पानांत कार्मेलचं नाव नाही, त्या तीस मुलींचंही नाही. उत्तर पाठवलेलं नाही. सहा पानं पाठकोरी आहेत, बाजाराच्या याद्यांना वर्षभर पुरतील. बघ, बहीण तुझीच आहे.

आता पाकिटाचं. तू मला मूर्ख म्हणालीस ते मी चालवून घेते, कारण तू थोरली. पण ऐक.

पहिली दोन पाकिटं गावासाठी होती. गावाला पाठवणाऱ्याचं नाव कळायची गरज नव्हती, म्हणून पाठ कोरी ठेवली. तिसरं त्याच्यासाठी होतं. तो माझा चेहरा विसरला, आवाज विसरला, दोन वेळा माझ्या टेबलावर जेवून मला मादाम म्हणाला. मी पराभवानं भागवलं असतं तर त्याला वाटलं असतं की राजकारण आहे, कुणी विरोधकानं डाव साधला. त्याला आयुष्यभर वाटलं असतं की नशीब फिरलं. मला ते नको होतं.

म्हणून लेखणी बुडवून, दिव्याखाली धरून, सिस्टर बॉनव्हेंचर पाहत असल्यासारखी ती तीन अक्षरं मी सावकाश काढली. वाट दाखव, म्हटलं, सरळ त्याच्या दारापर्यंत. संतानं दाखवली.

माझा हात सवयीनं गेला नाही, मेना. तिसरा पुकारा बत्तीस वर्षं राहून गेला होता, आणि पुकाऱ्यात नाव घ्यावं लागतं.

मॅलकीला सांग, मीठ बरोबर होतं.

केकची दोरी सोबत परत पाठवली आहे. जशी आहेस तशीच राहा, माझ्यासाठी.

तुझी,
अ‍ॅटी